एकही तारीख न चुकवता

वसई पूर्वेच्या कारखान्यातून मला चोर ठरवून काढलं, तेव्हा गेटवरच्या वॉचमनची साक्ष मला भोवली. माझ्या पिशवीतून कंपनीचा माल बाहेर जाताना त्याने पाहिला म्हणे. पिशवीत माझा रिकामा डबा होता. कामगार न्यायालयात मी हरले, हायकोर्टातही हरले. आचोळ्याच्या आमच्या इमारतीत तेव्हापासून माझ्याकडे कुणी घराची किल्ली ठेवून जात नाही.

यंदा उपवासकाळात तोच वॉचमन माझ्या दारात उभा. चर्चमध्ये कुमसार करून आला होता. पापाची कबुली ऐकून फादर त्याला म्हणाले, आधी त्या बाईंकडे जा.

"बाय, मी खोटा बोललो," तो मान खाली घालून म्हणाला. "साहेबानी नोकरीची भीती घातलेली. आता कोर्टात येऊन खरं सांगतो, कुठंपन सही करतो."

मला इतका आनंद झाला की त्याला शिव्या द्यायच्याही राहिल्या. उलट चहा पाजला. दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन माझी केस लढलेल्या वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "निकाल अंतिम झालाय, वरच्या कोर्टानेही कायम केलाय. तो पुन्हा उघडता येणार नाही. तुमच्या गैरहजेरीत लागला असता, तर रद्द करा म्हणून अर्ज तरी करता आला असता."

"आणि ही खोटी साक्ष?"

"तिची उलटतपासणी तेव्हाच झाली. तुम्ही समोरच बसला होतात."

बसले होतेच. अंगात ताप असताना गेले, सासऱ्यांचं बारावं घरी सोडून गेले. न्यायाधीशांना माझा खरेपणा दिसावा म्हणून पुढचा बाक धरून बसायचे. काय ती माझी हुशारी! घरी लोळत पडले असते तर आज काही वाट तरी होती. वकीलबाईंचा राग आला, कायद्याचा आला, स्वतःचा तर फारच. कुणीतरी आत कोंडून बाहेरून कुलूप लावावं तसं झालं.

ईस्टरला वॉचमन परत आला, घरी केलेला केक घेऊन.

"बाय, माफ केलं असं एकदा बोला. मंग मी सुटलो."

मला त्याला तसंच लटकत ठेवायचं होतं. पण तो केकचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरून उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"केलं माफ," मी म्हणाले.

तो रडला, डोळे पुसले आणि भराभर जिना उतरून गेला.

मी दाराला कडी घातली. त्याला सोडवायला निदान मी होते. मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू, तेच मला कळेना.