सुनंदाचं वय शोधायला डोळखांबला

सिद्धगड बघायला म्हणून मी सांगलीहून निघालो आणि सिद्धगड सोडून बाकी सगळं बघून आलो. दोष माझ्या खिशातल्या पेनाचा.

दोन हजार सालानंतरचा एक डिसेंबर. माळशेज उतरलेली एस.टी. वैशाखऱ्याला पंक्चर झाली, आणि स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. "बसा दोन तास," असं कंडक्टर इतक्या शांतपणे म्हणाला की भांडायचीही सोय राहिली नाही. टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. मागे तिची सून.

"तुमी लिवता काय भाऊ?" तिने पेनाकडे बोट दाखवलं.

"बँकेत आहे," मी म्हणालो. इथेच चुकलो.

म्हातारी हिराबाई, सून सुनंदा. सुनंदाचा नवरा वारलेला, पदरात दोन मुली. तिला मस्कतला एका घरी मूल सांभाळायचं काम मिळत होतं. पण घरकामाला जाणारी बाई तिशीच्या वरची हवी, असं एजंटाने सांगितलेलं. शाळेच्या दाखल्यावर ती सत्तावीसची होती. तिचा धाकटा भाऊ विलासही सत्तावीसचाच, तारीखसुद्धा एकच, एक जून.

"जुळे?" मी विचारलं.

"नाय. मी चार वर्सांनी मोठी," सुनंदा म्हणाली. "इलास विशीतच दुबईला गेला. त्याला कोन आडवला नाय."

दाखला लिहिणारे गुरुजी आता डोळखांबला राहत होते. त्यांच्याकडून खरं वय लिहून आणायचं, एजंटाची मुदत सोमवारपर्यंत, आणि अर्ज लिहायला माणूस हवा. मी 'नाही' म्हणायच्या आत हिराबाईंनी माझी पिशवी जीपमध्ये टाकली होती.

मुरबाड, शहापूर, मग डोळखांब. तिन्ही टप्पे मी अर्धा आत, अर्धा बाहेर बसून केले. वाटेत डावीकडे सिद्धगड दिसल्यासारखा वाटला. "तो नाय," हिराबाई म्हणाल्या. शहापूरला त्यांनी फडक्यातून तांदळाची भाकर आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी काढली. मी शाकाहारी आहे, हे दुसऱ्या भाकरीनंतर आठवलं.

डोळखांबला कापलेल्या भातशेतांच्या कडेला गुरुजींचं घर. ते अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. सुनंदाला त्यांनी लगेच ओळखलं.

"तुझा भाऊ एकटा बसेना. रडून वर्ग डोक्यावर घ्यायचा. म्हणून तुला त्याच्या शेजारी बसवली. तो सहाचा, तू दहाची. वर्ग एक, म्हणून मी तारीखही एकच टाकली. मुलीचं वय पुढे कुणाला लागेल, असं वाटलंच नाही बघ."

"तो चौथीनंतर मोठ्या शालंत गेला, तवा माजी शाला सुटली," सुनंदा म्हणाली. "आता माज्या पोरींची सुटाया नको."

मी पेन उघडलं.

"चालीस लिवा," हिराबाई म्हणाल्या.

"एकतीस," गुरुजी.

"पस्तीस तरी करा. एवढ्या लांबून आलो."

"लगनाला तुमीच माजा वय कमी सांगितला, आई," सुनंदा हसायला लागली. "आन आता वाडवताव. चालीशीच्या म्होरं गेले तर कोन नेल मला?"

"मग मी जाते," हिराबाई म्हणाल्या. त्या पासष्टीच्या तरी होत्या, आणि माझ्या मते त्यांना मस्कतने नेलंही असतं.

शेवटी एकतीसच ठरलं. गुरुजींनी माझ्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि सही केली. सुनंदाने तो कागद दोनदा वाचला, मग पोलक्यात ठेवला. परतीच्या जीपमध्ये तिने हात छातीवरून हलवला नाही. मुरबाडला मी उतरताना तिने माझा पत्ता मागून घेतला. माझी रजा संपली होती. गड राहिला तो राहिलाच.

घरी हा प्रवास मी बरेच दिवस चवीने सांगितला. पेनाच्या जागी लोक हटकून हसायचे. मग वर्षभराने मस्कतहून पत्र आलं. चौथीपर्यंतचं, पण ठसठशीत अक्षर. आधी मी मोठ्याने हसलो, म्हणून बायकोने वाचून दाखवायला सांगितलं, तर शेवट मला वाचता येईना.

"भाऊ, गड बगला काय? इथं मालकाचा पोरगा शालेत एकटा बसत नाय, रडतो. म्हणून बाईंनी मला त्याच्या शेजारी बसवलाय. अरबीची निम्मी अक्षरा आली मला. पोरींना कळवलाय, तुमची आय परत पहिलीत बसली. हजेरीत माजा नाव मात्र नाय."