चवदार तळ्याची बाटली

रिकामी बाटली दिसली की नागनाथभाऊंचे हात शिवशिवायचे. चौतीस वर्षं त्यांनी जयपूरच्या रेल्वे यार्डात गाड्यांचे डबे झाडले, सीटखालून बाटल्या ओढल्या. रिटायर होऊन जयपुरातच, सोडाला भागात आमच्या शेजारी राहायला आले, तरी लग्नाच्या पंगतीतून पिशवीभर बाटल्या घेऊनच परतायचे. "जित्याची खोड!" मी तोंडावर म्हणायचे. ते नुसते हसायचे.

त्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मशीन बसवलं. पाण्याच्या बाटलीवर स्टिकर लावून दोन रुपये जादा घ्यायचे आणि रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की परत द्यायचे. पहिला महिनाभर जुन्या, बिनस्टिकरच्या कुठल्याही बाटल्या चालणार होत्या. भाऊंना घबाडच सापडलं. पैशापेक्षा मशीनमध्ये बाटली चेपल्याचा आवाज त्यांना आवडायचा.

त्यांच्या बायकोने, मालनवहिनींनी, एक बाटली मात्र कपाटावर जपली होती. तिच्यात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी होतं. वहिनींचे आजोबा बाबासाहेबांबरोबर त्या तळ्यावर गेले होते, तिथलं पाणी ओंजळीने प्याले होते. रेल्वेच्या पासावर वहिनी आयुष्यात एकदाच तिथे जाऊन आल्या. "पूजेला नाही गं सुवर्णा, आमच्यात कसली पूजा," त्या म्हणायच्या. "नातीला दाखवायचीय. तनयाला मराठी धड येत नाही, पण एवढं तिला कळायला पायजे."

उन्हाळ्यात वहिनींचं लिव्हर गेलं. पंधरा दिवस दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या. त्या येणार म्हणून भाऊंनी आदल्या दिवशी घर लख्ख केलं. कपाटावरचं सगळं खाली घेऊन ते पुसलं, पलंगाखालचं काढलं, मिळून तेवीस बाटल्या निघाल्या. सवयीने एकेक उघडून पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं आणि सगळ्या मशीनमध्ये टाकून आले. मिळालेल्या पैशांची वहिनींसाठी मोसंबी आणली.

वहिनी घरी आल्या त्या दुपारी भाऊ माझ्या दारात उभे राहिले. चेहरा पांढराफटक. "सुवर्णाताई, महाडची बाटली बी गेली हो. मी काय करून बसलो!"

मला संताप आला. तिकडे बाई मरायला टेकलेली, आणि या माणसाला बाटल्या सुचतात! मी फाडकन म्हणाले, "मग जा महाडला आणि आणा भरून!"

तो माणूस खरंच निघाला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची एक बाटली घेतली आणि वहिनींना सांगितलं, "पेन्शनच्या कामाला अजमेरला जाऊन येतो." मी तिथेच होते. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. "नंतर जावा की. बसा जरा माझ्याजवळ."

"तीन दिवसांत येतो," म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला. मी थांबवायला हवं होतं.

परतीची गाडी रतलाम सोडत होती तेव्हा मुलाने भाऊंना फोन करून कळवलं, आई गेली. भाऊ दुपारी पोचले. वहिनींना अंगणात ठेवलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या. बाटली छातीशी धरून ते वहिनींच्या उशाशी बसले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "मालन, आणली बघ. तीच हाय, तळ्याची."

सून प्रणाली जोरात हुंदका देऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही महाडला गेला होता?" मग तिला राहवेना. "आईंनी आल्या आल्याच कपाटाकडं बघितलं होतं. म्हणाल्या, गेली वाटतं मशीनमधी. त्यांना कुणी बोलू नका, मनाला लावून घेतील. शेवटपर्यंत तुमचीच वाट बघत होत्या. अजमेर काय लई लांब नाही, आत्ता येतील, म्हणायच्या."

भाऊंनी डोळे मिटले. "मग मी कशाला उठलो गं तिच्याजवळनं?" त्यांनी विचारलं. मीच त्यांना 'जा महाडला' म्हणाले होते.

तनया त्यांच्याजवळ येऊन बसली. "दादाजी, ये पानी दादी का है?" भाऊंनी झाकण उघडून तिच्या ओंजळीत थोडं पाणी ओतलं. आजीने सांगायची गोष्ट सांगायला गेले आणि रडायलाच लागले. पोरगी ओंजळ तशीच धरून बसून राहिली.

बाटली आता पुन्हा कपाटावर आहे. दुकानाचं दोन रुपयांचं स्टिकर तिच्यावर तसंच आहे. भाऊ आता बाटल्या उचलत नाहीत. पंगतीत शेजारी पडलेली असली तरी नाही.