लुगड्याचं दुसरं टोक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगड्याची घडी. नऊ वार कापड एकट्याला आवरत नाही. लग्नापासून एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. त्या दिवशीही मी ढिला पडलो, तशी बायको म्हणाली, "ओढा की! हातात जीव हाय का न्हाई?"

ते इरकली लुगडं नातीसाठी काढलेलं. नात इथं बेंगळूरात शिकते आणि एका नाटकवाल्यांच्या कपडेपटात इंटर्नशिप करते. आमच्या वेळी त्याला उमेदवारी म्हणायचे. मी चौथी शिकलेला, मला तेवढंच कळलं. नाटकातल्या बाईला मधे लुगडं नेसत बसायला वेळ नसतो. म्हणून ते कापून, निऱ्या शिवून, कमरेला हूक लावायचे. नवं कापड दिव्यांखाली चकाकतं, म्हणून वापरलेलंच पाहिजे.

"शिवलेलं म्हंजे लुगडं का विजार गं?" बायको नातीला हसली. "घेऊन जा. पर कापताना मला बोलीव."

त्याच संध्याकाळी ती बसल्या जागी गेली.

मुलगा आणि सून सकाळीच व्हाइटफील्डला कामाला जातात. हेब्बाळच्या घरात दिवसभर मी आणि कपाटातलं ते लुगडं. शेजारची अक्का दारातून "ऊटा आयता?" म्हणून विचारते, जेवलात का म्हणून. मी मान हलवतो. जेवलेलो असतोच असं नाही.

नात एकदाच बोलली. "अज्जा, मी कपडेपटाच्या मॅडमना सांगते. दुसरं बघतील."

"मी नको म्हणालो का?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

कापण्याचं मला काही नव्हतं. कापड ते कापडच. पण ती घडी बायकोच्या हातची होती. उलगडली की गेली.

मग वाटलं, तिनं देऊन टाकलंय. दिलेलं मागं घ्यायची तिची रीत नव्हती. शिवाय कापताना बोलव म्हणाली होती. तिच्या जागी कुणीतरी जायला पाहिजे.

नातीबरोबर ऑटोनं गेलो. कपडेपटात लांब टेबल, भिंतीला राजाचे झगे टांगलेले. मॅडमनी स्टूल दिलं. मी बसलो नाही. घडी मीच मोडली. नातीनं दुसरं टोक धरलं, तेही ढिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओढ की! हातात जीव हाय का न्हाई?"

पोरगी रडायला लागली. पण ओढलं तिनं. कात्री चालली, मी टोक सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचं रोजचं लुगडं काढलं. ती गेली त्या गडबडीत कुणीतरी कपाटात गोळा करून कोंबलेलं. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं धरून ओढलं. गज ढिला पडत नाही. बोलतही नाही. घडी वाकडीच झाली, तशीच ठेवली.