पस्तीसच्या जागी एकतीस

मढच्या ॲग्नेसने बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला. आयुष्यभर तिने बोंबील वाळवले होते. भाची किम्बर्लीने वर्सोव्याच्या एका हॉलमधल्या फुकट क्लासला तिचं नाव दिलं, आणि दुपारची फेरीबोट धरून ती जाऊ लागली.

तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या श्रुतिकाने 'जर-तर' घेतलं. मार्क पस्तीस किंवा जास्त असतील तर 'पास' लिहायचं, नाहीतर 'नापास'. एकेक बोट शोधत ॲग्नेसने चार ओळी टाइप केल्या. प्रोग्रामने मार्क विचारल्यावर तिच्या बोटांनी आपसूक एकतीस टाकले.

'नापास.'

दहावीच्या गणितात तिला तेवढेच पडले होते. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच.

पंखा संथ फिरत होता. ॲग्नेसने वरच्या ओळीतले पस्तीस खोडले, तिथे एकतीस लिहिले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

'पास.'

ती त्या शब्दाकडे बघत बसली. कधीच न गेलेलं पार्ल्याचं कॉलेज दिसलं, जिन्यावरच्या मुली दिसल्या, त्यांत छातीशी वही धरलेली एक सतरा वर्षांची ॲग्नेस. ती वळून कुणाशी तरी हसत होती. बाहेर समुद्राचा आवाज होता की त्या जिन्यावरचा गलका, कळेना.

"आंटी, झालं?" श्रुतिका मागे उभी होती. "हे पस्तीस का बदललं?"

"असंच गं. बघत होते." ॲग्नेसने सावकाश पुन्हा पस्तीस लिहिले. मग हळू आवाजात तिने सगळं सांगितलं.

"दहावीला बाहेरून बसता येतं की," श्रुतिका म्हणाली. "अजूनही."

"या वयात?"

"वयाची अट नाही त्यात."

घरी नवऱ्याला, जॉनीला सांगितल्यावर त्याने जाळं विणता विणता एवढंच विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"

वर्षभर ॲग्नेसने वाळत घातलेल्या मासळीशेजारी बसून गणितं सोडवली. मार्चमध्ये परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा दोघं फेरीबोटीत होती. मोबाईल जॉनीकडे होता.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "गणितात त्रेपन्न."

पाण्यावर ऊन हलत होतं. धक्का आला, माणसं उतरली, सायकली उतरल्या.

"आंटी, उतरायचं ना?" बोटवाल्याने विचारलं.

"नको रे," ती म्हणाली. "अजून एक फेरी बसू दे."

उतरायला उठलेला जॉनी पुन्हा तिच्या शेजारी येऊन बसला.