अमारे त्यां रहे छे

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेल्यावर घरात सांगायला कुणी उरलं नाही, आणि खरं म्हणजे मला त्याने सुटल्यासारखंच वाटलं.

माझी वहिनी मॉरिशसची. तिचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी टिकली होती. ती गाणं शिकायला बडोद्याला आली, माझ्या थोरल्या भावाशी लग्न करून दांडिया बाजारातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहू लागली. आमची गुजराती मिसळलेली मराठी ऐकून तिला हसू यायचं.

"भावोजी, शाक कसलं आणता? भाजी आणा. आम्ही समुद्रापलीकडे मराठी सांभाळली, तुम्हाला वापीच्या अलीकडे सांभाळता येईना!"

पासपोर्ट मात्र तिचा तिकडचाच. इथलं नागरिकत्व घ्यायचं तर तिकडचं सोडावं लागणार, आणि तिची आई तिकडे एकटी होती. म्हणून ती थांबली. मुदत संपत आली की राहण्याची परवानगी वाढवून घ्यायला कचेरीत जायची. भाऊ म्हणायचा, "माझ्याजवळ राहायला सरकारची परवानगी लागते. बघा माझी किंमत!"

मतदानाच्या दिवशी आम्ही सगळे मत देऊन परतलो की ती जिन्याच्या तोंडाशी उभी असायची. "दाखवा बोट." शाई दिसल्याशिवाय चहा मिळत नसे.

"घरात तुझंच तर राज्य आहे," भाऊ चिडवायचा. "तुला आणखी मत कशाला?"

"घरातलं तुम्ही ठेवा. मला बाहेरचं पाहिजे."

आधी तिची आई गेली, मग भाऊ. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि तिने नागरिकत्वासाठी अर्ज केला. मला म्हणाली, "भावोजी, एकदा माझ्या बोटाला शाई लागू दे. मग मी जायला मोकळी."

चौकशीला पोलीस आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. त्याने कागदावरचं तिचं नाव वाचलं आणि साधं विचारलं, "आ बहेन तमारे शुं थाय?" या बाई तुमच्या कोण लागतात?

'भाभी' एवढंच म्हणायचं होतं. हा शब्द मी शेजारच्या दुकानदारासमोर रोज उच्चारत होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अमारे त्यां रहे छे." आमच्याकडे राहतात.

"एटले भाडुआत?" म्हणजे भाडेकरू?

मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला.

मी भ्यालो होतो. नुकताच निवृत्त झालो होतो, आणि ऑफिसातला जुना सोबती म्हणाला होता, "परदेशी बाईच्या कागदात अडकू नकोस, म्हातारपणी फेरे घालत बसशील." तेवढं मला पुरलं. पण नुसती भीती असती तर मी गप्प बसलो असतो, किंवा नंतर या म्हणालो असतो. 'राहतात' हा शब्द मला शोधावा लागला नाही. तो आत कुठेतरी तयारच होता. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलो तरी तो तिथेच होता, याची मला आजही लाज वाटते.

पोलीस गेल्यावर मी मागे वळलो. वहिनी जिन्यात उभी होती, हातात त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा पेला. गुजराती तिला उत्तम समजत होतं. पेला तिने ओट्यावर ठेवला आणि ती वर गेली.

पुढे अर्ज परत आला. घरच्यांनी नातं सांगितलेलं नाही, पुन्हा पुरावे द्या. मी जिना चढून वर गेलो. म्हटलं, "परत करू अर्ज."

"राहू दे," ती म्हणाली. "राहणं तर चालूच आहे. चहा घेता?"

मी घेतला. कप विसळून ठेवला. मनात होतं ते मनातच घेऊन खाली आलो.

त्यानंतर तिने मला भावोजी म्हटलं नाही. काही हवं असलं तर "अहो, ऐकता का" म्हणायची, दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं. पुढच्या मतदानाला मी हात खिशात घालूनच घरी शिरलो. जिन्यात कुणी नव्हतं. चहा टेबलावर झाकून ठेवला होता.

त्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली.

आता दांडिया बाजारातलं घर विकलं गेलंय. मी तरसालीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा असतो. परवा फाटकाशी कुणीतरी माझ्याकडे बोट करून चौकीदाराला विचारलं, हे कोण? तो मान न वळवता म्हणाला, "काका? अहीं रहे छे."

त्याचं काही चुकलं नाही. मी इथे राहतोच. पण वर आलो आणि दिवा न लावता बराच वेळ बसून राहिलो. इतक्या वर्षांत जे पाठ करून ठेवलं होतं ते रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणायचा प्रयत्न केला, आणि पहिल्या शब्दापुढे आवाज निघेना. म्हणून इथे लिहितो.

वहिनी, त्याने विचारलं होतं तुम्ही माझ्या कोण. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. माझं चुकलं.