उघाडीची मावशी

मावशी चिखल हुंगायची. मूठभर चिखल नाकाशी नेई आणि शेतात पाणी किती दिवस तुंबलंय ते सांगे. मी रेवदंड्याच्या खाडीकाठी नवाच आलेला शेतकी मदतनीस, परीक्षा पास झाल्याची घमेंड ताजी. मला हसू यायचं.

खाडीच्या बांधात एक उघाडी होती. ओहोटी लागली की तिची फळी वर ओढून शेतातलं पाणी सोडायचं आणि भरती यायच्या आत फळी खाली टाकायची. नवरा गेल्यापासून हे काम मावशीकडे होतं. "पानी आलं तसं गेलं पायजे," एवढंच तिचं शास्त्र.

त्या खाऱ्या जमिनीत मोड आणलेलं भात चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. त्या वर्षी रहू झाल्यावर मी बांधावर गेलो आणि मावशीला म्हटलं, "चार दिवस फळी उघडू नका. जमीन उघडी पडली तर मीठ वर येईल."

"सायेब, बी अजून लहान हाय. पानी ठेवलं तर कोंब नुसता वर पलंल, खाली मूल चिखल धरनार न्हाय."

"मी हेच शिकून आलोय, मावशी."

तिनं फळीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "बरं. तुमी शिकल्याले."

चारही दिवस ती ओहोटीला बांधावर यायची आणि फळीपाशी नुसती बसून राहायची. गावाचा तिच्यावर इतका विश्वास, की कुणी विचारलंही नाही. पाचव्या दिवशी फळी उघडली. पांढरे, दोऱ्यासारखे कोंब मुळांसकट सुटून पाण्याबरोबर वाहत आले आणि उघाडीच्या तोंडाशी त्यांचा ढीग झाला. चिखलाला कुजका वास येत होता. तो मलाही आला.

माणसं जमली. "मावशे, पानी का ठेवलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"मलाच वाटलं मीठ वर येल," ती म्हणाली. "चुकलं माजं."

दुसऱ्यांदा पेरायला बी पुरलं नाही. अर्धी खारी जमीन पडीक राहिली. उघाडी दुसऱ्याकडे गेली आणि दिवाळीआधी माझी बदली झाली. जाताना मी मावशीला भेटलो नाही. माझी हिंमतच झाली नाही.

सहा वर्षांनी खरं सांगायला गेलो, तेव्हा मावशी राहिली नव्हती. बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांनाच सगळं सांगितलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "रहू झाल्यावर तुमाला बांधावर तिच्याशी बोलताना बघितलं व्हतं आमी."

"मग तिची उघाडी का काढून घेतलीत?"

"आमी कुठं काढली? तिनंच सोडली. म्हनाली, नाकानं सांगितल्यालं हातानं ऐकलं न्हाय, आता फलीला हात कसा लावू?"