त्या शनिवारची खरी वेळ

देवावर माझा विश्वास आहे की नुसती सवय आहे, हे मला साठी उलटेपर्यंत धड कळलेलं नव्हतं. निलंग्याला मी जन्मभर शाळेत शिकवलं. चूक दिसली की लाल पेन आणि तोंड, दोन्ही एकदम चालू. माझे यजमान अगदी उलट. पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर पेटी आणि बालाजी, एवढंच त्यांचं जग. दर शनिवारी दुपारी आमच्या बैठकीत भजन असायचं. हे पेटी वाजवून गायचे, मंडळी मागून धरायची. मी टाळ वाजवता वाजवता मनातल्या मनात भांडायची, की गोविंदा, यांना एवढं भरभरून दिलंस आणि मला असं कोरडं का ठेवलंस? आज जे सांगते आहे ते या भांडणाचं उत्तर आहे की नाही, मला ठाऊक नाही. जसं घडलं तसं सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी सकाळी हे पूजा करत होते. बालाजीच्या कपाळावर उभं गंध ओढताना हात घसरला आणि गंध गालावर गेलं. मग सहाणच हातातून निसटली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि नेहमीसारखी फणकारले, "अहो, देवाला गंध लावताय की भिंतीला चुना? उपास झेपत नाही तर करता कशाला!" हे उजवा हात डाव्या हातात धरून घटकाभर बसून राहिले. थोड्या वेळाने त्याच हाताने भगर खाल्ली, पेपर वाचला, मंडळींना फोन केले. मी ते विसरूनही गेले.

दुपारी भजन रंगलं. शेजारच्या सुशीलाताईंची नणंद नांदेडहून आली होती. तिकडे विष्णुपुरीला राहणारी, एका दवाखान्यात सिस्टर. अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईला ऐकवायचं म्हणून तिने यांच्या एका भजनाचा मोबाइलवर व्हिडिओ घेतला आणि ती शेजारी कामाला निघून गेली. त्यानंतरच्या भजनात, मध्येच, यांचा आवाज थांबला. पेटीवरचा उजवा हात खाली घसरला. मान एका बाजूला कलली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ हलत होते, पण शब्द नव्हता.

आणि आम्ही काय केलं? आम्ही हात जोडले! मंडळातले एक म्हातारे हळूच म्हणाले, "भाव दाटून आला. बोलू नका कुणी, गात राहा." आम्ही गात राहिलो. ते भजन संपवलं, वर गोविंदाचा गजर केला. कुणी यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी उठून त्यांच्या कपाळाला बुक्का लावला, आणि आज लिहायलासुद्धा लाज वाटते, पण मला अभिमान वाटला. चार बायकांकडे मी पाहूनही घेतलं, की बघा, माझ्या नवऱ्याला देव भेटतो आहे. इकडे त्यांच्या मेंदूचं रक्त अडलेलं होतं आणि मी मिरवत होते.

प्रसादाला म्हणून ती सिस्टर परत आली. दारातूनच तिने यांच्याकडे पाहिलं, चपलेसकट आत घुसली आणि ओरडली, "थांबवा ते टाळ! काका, हसून दाखवा बरं. दोन्ही हात वर करा." डावा हात वर गेला, उजवा मांडीवरच राहिला. तोंड एकीकडे ओढलेलं. "भाव दाटलाय त्यांना," मी म्हणाले. "ताई, हा भाव-बिव काही न्हाई. लकवा हाय हा. गाडी काढा, लातूर गाठायचंय." कुणीतरी तीर्थाची पळी यांच्या ओठांना लावत होतं, तिने तो हात झटकला. "घशात गेलं तर जीव जाईल. काही पाजू नका."

माझ्या धाकट्या दिरांनी गाडी काढली. सिस्टर आपणहून मागे बसली. वाटेतून तिने लातूरच्या दवाखान्याला फोन करून कळवलं, की लकव्याचा पेशंट घेऊन येतोय, तयारीत राहा. मग माझ्याकडे वळली. "ताई, माझं कामच हे आहे. कधी झालं, कधी पोचले, डोक्याचा फोटो कधी निघाला, सुई कधी दिली, आमच्याकडच्या प्रत्येक पेशंटच्या वेळा मी लिहिते. वेळ चुकली तर सगळंच चुकतं. सकाळपासून काही वेगळं जाणवलं का?" मी मान हलवली. नाही म्हणाले. त्या सहाणेची आठवण झाली होती, तरी नाही म्हणाले. नवऱ्याचा हात निकामी होत होता आणि मी त्याला टोमणे मारत होते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

लातूरला पोचलो. केसपेपर होईपर्यंत दारातच थांबावं लागलं. डोक्याचा फोटो निघाला. डॉक्टर बाहेर आले. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे, म्हणाले, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन जीवही जाऊ शकतो. "शेवटचं अगदी नीट कधी पाहिलंत?" दीर लगेच म्हणाले, "आत्ताच की साहेब, दुपारी. सकाळी तर लई खुशीत व्हते."

सकाळचं सांगितलं तर वेळ टळून गेली म्हणतील, सुई मिळणार नाही, आणि हा माणूस जन्मभर मुका, लुळा पडून राहील. नाही सांगितलं आणि सुईनेच घात केला तर? समोरच्या भिंतीला टेकून मी डोळे मिटले. आयुष्यभर देवाशी घासाघीस केली होती, त्या क्षणी तेवढंही बळ नव्हतं. एवढंच म्हणाले, गोविंदा, मी खरं बोलते, पुढचं तू बघ. आणि डॉक्टरांना सांगून टाकलं. गंध, सहाण, माझा टोमणा, सगळं. दीर डोळे वटारून बघायला लागले. "वहिनी, काय बोलायलाव तुम्ही!"

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "त्यानंतर हात पूर्ण बरा झाला होता? अगदी पहिल्यासारखा? तसं असेल तर वेळ नव्याने मोजता येते. पण मला खात्री पाहिजे." मी खात्री कुठून आणू? भगर खाल्ली, पेपर वाचला, एवढंच म्हणत राहिले. तेवढ्यात सिस्टर पुढे झाली आणि तिने मोबाइल लावला. दवाखान्याच्या त्या बोळात यांचा आवाज घुमला. स्वच्छ, खणखणीत, एकेक शब्द सुटा. डावा हात भाता हलवताना आणि उजवा पट्ट्यांवर पळताना दिसत होता. खाली वेळही होती. डॉक्टरांनी भजन एकदा ऐकलं, परत एकदा यांच्या बोटांकडे पाहत ऐकलं. मग आतल्या माणसांना म्हणाले, "वेळ आहे आपल्या हातात. सुई भरा."

याला कुणी चमत्कार म्हणतं, कुणी योगायोग. मी वाद घालत नाही, आणि माझ्यासारखीने वाद घालू नये यातच काय ते समजा. तिसऱ्या दिवशी यांची बोटं हलली. आठवड्याने त्यांनी मला "अगं" अशी हाक मारली, तेव्हा मी वॉर्डात सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

महिन्याभराने तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आमच्या बैठकीला याल का? त्या दवाखान्यात दर महिन्याला लकव्याच्या प्रत्येक पेशंटच्या वेळा काढून सगळे एकत्र बसतात. मी गेले. आमच्या वेळांचा कागद समोर आला. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "सिस्टरनी आधी कळवलं होतं, तरी केसपेपर होईपर्यंत आपण यांना दारात थांबवलं. ती आपली चूक." कुणी सबब सांगितली नाही, कुणी कुणावर ढकललं नाही. पेशंट आधी फोटोला जाईल, कागद नंतर होतील, असं तिथेच ठरलं. मी थक्क झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांना लाल रेघ मारणारी मी, आपली चूक अशी शांतपणे मांडणारी माणसं पहिल्यांदा पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, घरून निघायला उशीर का झाला? मी भाव सांगितला, बुक्का सांगितला, माझा अभिमानही सांगितला. कुणी हसलं नाही. एका नर्सने एवढंच विचारलं, "मावशी, हे तुमच्या भागातल्या भजनी मंडळांना सांगाल का?" तेव्हापासून मी सांगत फिरते. तोंड आहेच, ते आता कामाला लागलं.

एकच गोष्ट राहिली होती. यांना मी सकाळच्या टोमण्याबद्दल काही बोलले नव्हते. त्या बैठकीहून घरी आल्यावर सांगितलं. म्हटलं, तुमचा हात जात होता आणि मी तुम्हाला बोलत होते, मला माफ करा. हे बराच वेळ शब्द जुळवत बसले. अजूनही त्यांना वेळ लागतो.

"मला... कळलं होतं," ते म्हणाले. "हात... मेल्यावानी झाला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू... भजन... होऊ दिलं नसतंस."

खरंच नसतं होऊ दिलं. एकाच देवापुढे बसून आम्ही दोघंही एकमेकांपासून झाकत होतो, आणि तरीही त्याने आम्हाला सांभाळून घेतलं. एरवी मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मी त्यांचा उजवा हात हातात घेतला, आणि त्यांनी माझा हात दाबला, चांगला जोरात.